वाचवायचं का म्हणून इचारतंय

महेबूबचाचा कंप्युटरला उत्तर द्यायचे. तोंडानं, मोठ्यानं. फाइल बंद करताना पडद्यावर 'सेव्ह करायचं का?' आलं की हे ओरडणार, "हाव बाबा, वाचव! इचारतोस काय?" मगच बटण दाबायचे.

आमच्या लातूरच्या कोचिंग क्लासचे ते टायपिस्ट. मी फिजिक्स शिकवायचो, आणि माझ्या सगळ्या प्रश्नपत्रिका त्यांच्या त्या मशीनमध्ये जाऊन मरायच्या. काय मेलं मशीन होतं! दिसेल तो पेन ड्राइव्ह लावून लावून व्हायरसनं पोखरलेलं. चाळीस प्रश्न झाले की पडदा निळाशार, सगळं साफ. दुरुस्तीवाल्याला एकच ठाऊक, "फॉरमॅट मारा." अरे, मग तुला कशाला बोलावलं?

एकदा पडद्यावर आलं, बेकायदेशीर काम झालंय, म्हणून बंद करतोय. चाचा भडकलेच. "मी? बेकायदेशीर? सर, कोर्टाबाहेर तीस बरसं टायपिंग केलं, एक खाडाखोड न्हाई! अन् हे डबडं मला गुन्हेगार म्हणून राहिलंय!" दुपारभर त्यांनी मशीनशी अबोला धरला.

सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी तर कहर झाला. बारावीच्या पोरांची हजेरीची यादी उडाली. चाचांनी शिव्या देत देत सगळी पुन्हा टाइप केली. मी पडद्यावर मोजली. पोरं साठ, नावं एकसष्ट! शेवटचं, रेहाना महेबूब शेख. माझं डोकंच फिरलं.

"चाचा, ही कोण? आता व्हायरस पोरंबी वाढवायला लागला का?"

चाचा चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "माझी लेक हाय, सर. भूकंपात गेली तवा पहिलीत होती. औंदा बारावीला असती. दर यादीत टाकतो अन् छापायच्या आधी काढतो. आज ध्यानात न्हाई राहिलं. माफ करा, पुन्हा करतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेहानाचं नाव असलेली ती फाइल त्यांनी तशीच बंद करायला घेतली. पडद्यावर आलं, सेव्ह करायचं का?

या वेळी चाचा ओरडले नाहीत.

"तवा कुणी इचारलं न्हाई बगा," ते म्हणाले. "हे मुर्दाड निदान इचारतंय."

मी त्यांच्या हातातला माउस घेतला. "हाव बाबा, वाचव," मोठ्यानं म्हणालो आणि बटण दाबलं.