कुलूपमास्तर आत अडकले

धाकट्या भावाला क्षमा करायची, तीही सकाळी साडेनऊच्या आत, असं कुलूपमास्तरांनी ठरवलं होतं. दहाला चर्चमध्ये उपासना होती आणि आज प्रभुभोजनाची भाकर वाटली जायची होती. गेली सात वर्षं प्रभुभोजनाची वेळ आली की मास्तरांना नेमका खोकला यायचा आणि ते अंगणात जाऊन उभे राहायचे. मनात अढी ठेवून भाकरीला हात लावायचा धीर नव्हता आणि अढी सोडायची तयारी नव्हती.

अढीला कारणही होतं. वडिलांच्या आजारपणात अकरा महिने मास्तर त्यांच्या उशाशी बसले. शेवटच्या दिवशी मात्र कुणाचं तान्हं मूल बंद खोलीत अडकलं म्हणून अर्ध्या तासासाठी कुलूप उघडायला गेले आणि तेवढ्यात वडील गेले. दफनाच्या वेळी साऱ्या गोतावळ्यासमोर धाकटा म्हणाला, "दादाला बापापेक्षा गिऱ्हाईक मोठं." त्या दिवसापासून मास्तर धाकट्याची पायरी चढले नव्हते.

पण गेल्या रविवारी पाळकांनी घात केला. ते उपदेश नुसता करत नसत, गात असत. त्यांनी एकच ओळ धरली: भेट वेदीपाशी राहू दे, आधी भावाकडे जाऊन ये. चार वेळा आळवली, चारही वेळा मास्तरांकडे बघून. पाचव्या वेळी बायकोनेच कोपर मारलं.

आज सकाळी धाकट्याचं दार त्याच्या बायकोने उघडलं.

"भाऊजी, तुम्ही? या ना, बसा. हे मागे दाढी करतायत, बोलावते."

"होऊ दे सावकाश. मी जरा हात धुतो," मास्तर म्हणाले. दुकानाच्या शटरला तेल देऊन आल्याने हात काळे होते. शिवाय भाषणावर शेवटचा हात फिरवायचा होता. हत्यारांची पिशवी खुर्चीवर टाकून ते बाथरूममध्ये शिरले आणि सवयीने आतून खटका लावला.

आरशासमोर उभं राहून त्यांनी घसा साफ केला. "हे बघ, तुझी जीभ म्हणजे गंजलेली करवत. तरीही थोरला या नात्याने मी मोठ्या मनाने..." 'मोठ्या मनाने' मनासारखं वठेना. तीन आवाजांत म्हणून पाहिलं. चौथ्यांदा हात उंचावून म्हटलं, तेव्हा जमलं. समाधानाने त्यांनी दाराची मूठ फिरवली. मूठ फिरली. दार हललं नाही.

"भाऊजी, खटका लावलात?" बाहेरून आवाज आला.

"बाथरूमला लावतात तसा लावला."

"अगंबाई, आमच्याकडे कुणी लावत नाही. सहा वर्षं झाली बिघडून. आम्ही गातो."

"गाता?"

"आत असलं की गायचं. गाणं ऐकू आलं की बाहेरचा थांबतो. सांगायचं राहूनच गेलं. त्यात तुम्ही बोलत होतात, आम्हाला वाटलं प्रार्थना चाललीय."

"आम्हाला म्हणजे?"

"मी पण आहे, दादा," धाकटा म्हणाला. "गंजलेल्या करवतीपासून ऐकतोय."

आरशातला मोठ्या मनाचा माणूस कानापर्यंत लाल झाला. पण कारागीर तो कारागीर. "माझी पिशवी घे," मास्तर म्हणाले. "पिवळ्या मुठीचा पेचकस. वरचा स्क्रू डावीकडे फिरव."

"फिरत नाही."

"तू उजवीकडे फिरवतोयस."

"तुला काय दिसतंय?"

"ऐकू येतंय."

एक स्क्रू निघाला. दुसरा, तिसरा निघाला. मग पेचकसाचा आवाज थांबला.

"थांबलास का?"

"एकच राहिलाय, दादा. दार उघडलं की तू भाषण करून निघून जाशील. म्हणून आधी बोलतो." धाकट्याचा आवाज खाली आला. "त्या दिवशी तू मला बसवून गेलास ना त्यांच्यापाशी? मी बसलो नाही. बघवेना म्हणून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. ते गेले तेव्हा जवळ कुणी नव्हतं. लोक विचारतील म्हणून तुझ्यावर ढकललं."

मास्तर पालथ्या बादलीवर बसले. ज्या बोलण्याची क्षमा करायला आले होते त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं काहीतरी दाराशी येऊन उभं होतं, आणि भाषणात त्याला जागाच नव्हती. वडिलांचा एकटा चेहरा डोळ्यांपुढे आला. एकदा त्यांनी दारावर मूठ उगारली, मग ती उघडली आणि तळहात दारावर टेकवला.

"सात वर्षं डोक्यावर घेऊन फिरतोयस हे?"

"हो."

"खाली ठेव. मीही ठेवतो. माफ केलं तुला. देवाने माझं काय काय माफ केलंय ते सांगत बसलो तर उपासना बुडेल. काढ तो स्क्रू."

स्क्रू लगेच निघाला नाही. पलीकडे कुणीतरी नाक ओढत होतं.

"आणि सहा वर्षं हा खटका कुणाला दाखवला नाहीस?"

"घरात कुलूपमास्तर असताना परक्याचा हात कशाला लावू द्यायचा?"

दार उघडलं. धाकट्याच्या अर्ध्या गालावरचा फेस मास्तरांच्या कोटाला लागला, आणि कोट तसाच उपासनेला गेला. सगळे उशिरा पोचले, पण सहा वर्षं बाथरूममध्ये तयार झालेले धाकट्याकडचे आवाज गाण्यात असे मिसळले की पाळकांनी ओळ आणखी दोनदा घेतली. भाकरीची वेळ आली तेव्हा सात वर्षांत पहिल्यांदा मास्तर जागचे हलले नाहीत, आणि दोन्ही हात पुढे करताना त्यांना हसू लपवता आलं नाही.

दुपारी धाकट्याकडे परत येऊन त्यांनी खटका उघडला. स्प्रिंग जागची सरकली होती, एवढंच. पाच मिनिटांचं काम.

"काय झालंय, भाऊजी? किती वेळ लागेल?"

मास्तरांनी स्प्रिंग गुपचूप खिशात टाकली आणि चेहरा गंभीर केला.

"अवघड आहे. एका दिवसात होणारं नाही. दर रविवारी यावं लागेल."