विसरलेला कर्ण

कपाट उभं करायला हमालांची गरज नाही, असं सरांनी त्या रविवारी दुपारी ठरवलं. पुढचा सगळा तमाशा त्या एका ठरवण्यातून निघाला.

हमालांनी नवंकोरं कपाट मागच्या अरुंद खोलीत आणून आडवं ठेवलं होतं. घाम पुसत त्यांच्यातला एकजण म्हणाला, "उभं करून देऊ का?" बायको 'हो' म्हणायला तोंड उघडते न उघडते तोच सर म्हणाले, "नको, नको. आम्ही करू. त्यात काय आहे!" (त्यात काय आहे, ते थोड्याच वेळात कळणार होतं.) हमाल निघून गेले.

सर म्हणजे मुलींच्या शाळेत भूमिती शिकवणारे सर. घरात कॅलेंडर जरा तिरकं लागलेलं दिसलं तरी त्यांना जेवण जात नसे. शाळेच्या व्हरांड्यात ते कोपऱ्यापर्यंत नाकासमोर चालत जात, तिथे थांबत आणि मग कवायतीतल्यासारखे वळत. कंपासपेटीत काटकोन तपासायला प्लॅस्टिकचा जो त्रिकोणी तुकडा असतो, त्याला गुण्या म्हणतात. मुलींनी सरांचं नावही गुण्याच ठेवलं होतं. हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं, सरांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बायकोला. तिने एकदा सहज विचारलं होतं, "मुली तुम्हाला मागे काय म्हणतात हो?" तेव्हा सर म्हणाले होते, "मागेसुद्धा सरच म्हणतात." घरात आपला तेवढा मान आहे, तो टिकावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

कपाट होतं बायकोचं. ती घरी शिवणकाम करायची आणि गिऱ्हाइकांचे कपडे खुर्च्यांवर, पलंगावर, मिळेल तिथे पडलेले असायचे. एकदा सर फळा पुसायला घरून जे फडकं घेऊन गेले, ते कुणाच्या तरी ब्लाउजचं अस्तर निघालं. त्यानंतर तिने कपाटाचा हट्टच धरला. कपाट खोलीत मावेल की नाही ते बघायचं काम अर्थातच सरांकडे आलं.

"अहो," बायको आता आडव्या कपाटाकडे बघत म्हणाली, "हे उभं करताना वर छताला नाही ना लागणार?"

"छत आठ फूट. कपाट सात फूट दहा इंच. वर दोन इंच शिल्लक. मी स्वतः मोजलंय."

"ते उभं राहिल्यावर हो. पण उभं राहता राहता?"

सर हसले. वर्गात एखादीने बावळट प्रश्न विचारला की हसत, तसंच. "तू मला भूमिती शिकवू नकोस. मी तुला कधी काजं करायला शिकवतो का?"

"शिकवता की."

(हे खरं होतं. काज आणि बटण यांच्या व्यासाबद्दल त्यांची काही मतं होती.)

"मला आपलं वाटलं," ती म्हणाली.

"वाटण्याला भूमितीत किंमत नसते. भूमितीत काही गृहीत धरायचं नसतं."

"ते घरात धरायचं असतं, नाही का?" असं म्हणून तिने पदर खोचला. सरांना हे ऐकू आलं, पण चार वाजता मुली यायच्या होत्या आणि वाद घालायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी मुलींची परीक्षा होती, म्हणून सरांनी सरावासाठी त्यांना घरी बोलावलं होतं. त्या यायच्या आत कपाट उभं करायचं, हातपाय धुवायचे आणि इस्त्रीचा शर्ट घालून बसायचं, असा बेत होता. सध्या अंगात बनियन होतं आणि त्याला पोटावर एक भोक होतं.

"मी खिडकीच्या बाजूला उभा राहून पाय धरतो," सर म्हणाले. "तू डोक्याकडून उचल."

"तुम्ही पाय धरणार?"

"कपाटाचे!"

प्लायवूडचं रिकामं कपाट, तसं हलकंच होतं. सर खिडकीच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले, बायकोने दाराकडून कपाटाचं डोकं उचललं आणि ढकलत ढकलत वर नेलं. कपाट छान उठत होतं. अर्धं झालं, पाऊण झालं, सर आतून "शाब्बास, शाब्बास" म्हणत होते. मग वरच्या बाजूला कर्रकन आवाज झाला आणि कपाट थांबलं.

"लागलं हो छताला!"

"शक्यच नाही. दोन इंच आहेत. लाव जोर!"

तिने लावला. सरांनीही आतून पाय घट्ट धरून ओढले. पुन्हा एकदा कर्रकन वाजलं, कपाटाचा वरचा कोपरा छताच्या गिलाव्यात घुसला आणि कपाट तिथेच, जरासं दाराकडे झुकलेलं, पक्कं रुतून बसलं. ना वर जाईना, ना खाली येईना.

"आता?" बायको पलीकडून म्हणाली.

"आता मी बाहेर येतो आणि बघतो."

"या."

सर येईनात. खोली अरुंद, कपाट जवळजवळ तितकंच रुंद. दोन्ही बाजूंना जी फट उरली होती, तिच्यातून सरांचा हात कोपरापर्यंत गेला आणि तिथे अडकला. डोक्याचा तर प्रश्नच नव्हता. समोर कपाट, मागे भिंत, भिंतीला खिडकी आणि खिडकीला लोखंडी गज.

"अहो, या ना."

"येतोय," सर म्हणाले. आपण कुठूनही येत नाही आहोत हे त्यांना चांगलं कळलं होतं, पण ते तिला सांगायचा धीर होत नव्हता.

आणि तेवढ्यात मागच्या बोळात चपलांचा आवाज आला. मुली नेहमी बोळातूनच यायच्या. सरांनी खाली वाकायचा प्रयत्न केला, पण वाकायलाही जागा नव्हती. खिडकीत आधी चष्मेवाली दिसली. ही पहिल्या बाकावर बसणारी, कायम पैकीच्या पैकी. तिच्यामागे बाकीच्या चार-पाच जणी, आणि अगदी मागे, जरा लांब, शेवटच्या बाकावरची.

सरांनी पोटावरच्या भोकावर हात ठेवला.

"सर," चष्मेवालीने गजांतून आत बघत विचारलं, "आजचा वर्ग खिडकीतून आहे का?"

त्या क्षणी खरं सांगून टाकलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण सर म्हणाले, "हो. आज... आज प्रात्यक्षिक आहे."

मुलींनी चटकन वह्या काढल्या. (भूमितीच्या तासाला एवढा उत्साह सरांनी आजवर पाहिला नव्हता.) चष्मेवालीने भिंत काढली, छत काढलं, तिरकं कपाट काढलं आणि पेन्सिल चावत वर पाहिलं.

"सर, तुम्हाला कुठलं अक्षर देऊ?"

"मला?"

"म्हणजे तुम्ही बिंदू ना? की उभी रेषा?"

"पोट धरून सर रेषा कसे असतील गं?" मागून एक कुजबुजली.

"शांतता!" सर म्हणाले. "मी बिंदू प. लिहा."

"बिंदू प बाहेर कसा येणार, हे साध्य आहे का सर?"

सर काही बोलणार तोच कपाटापलीकडून बायकोचा खणखणीत आवाज आला. "अहो, मुली आल्या का? बरं झालं! सांगा ना त्यांना अडकलात म्हणून! मला एकटीला हे खाली घेता यायचं नाही!"

खिडकीतल्या पेन्सिली थांबल्या. मुलींनी वह्या मिटल्या नाहीत, पण वह्यांकडे बघायचं बंद केलं. सरांचे कान तापले. अंगात बनियन, पुढ्यात कपाट, तोंडात थाप, आणि ती थापही बायकोने उघडी पाडलेली. त्यांना इतकी लाज वाटली की जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. पण जमीन दुभंगून तिच्यात जायलाही तिथे जागा कमीच होती.

"आधी किती तिरकं आहे ते बघूया," चष्मेवाली घाईघाईने म्हणाली. "गुण्या कुठाय गं?"

"आत अडकलाय ना!" मागची एक पटकन बोलून गेली आणि लगेच तिने तोंडावर हात दाबला.

बाकीच्यांनी ओठ चावले. एकीला ठसका लागला.

"कोण अडकलाय?" पलीकडून बायको. "कोण गुण्या? अहो, तुमच्याबरोबर आत आणखी कुणी आहे का?"

"नाही," सर म्हणाले.

"मग गुण्या कोण?"

सरांनी भोकावरचा हात आणखी घट्ट दाबला. कपाटापलीकडून एक बारीक आवाज आला, कुणीतरी नाक दाबून श्वास घ्यावा तसा, आणि मग कपाट हळूहळू हादरायला लागलं. त्याला टेकून बायको हसत होती.

सरांनी डोळे मिटले. ते उघडले तेव्हा चष्मेवाली बाजूला झाली होती आणि गजांपाशी शेवटच्या बाकावरची उभी होती. हिच्याकडे मात्र सरांना बघवेना. आदल्याच दिवशी त्यांनी हिला भोपळा दिला होता. एका खोक्यात काठी मावेल का, असं गणित होतं. हिने लिहिलं, काठी बाजूपेक्षा लांब आहे, मावणार नाही. काठी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मावली असती. सरांनी ते उत्तर सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं होतं आणि म्हणाले होते, "कर्ण विसरली! कर्ण म्हणजे कानात डूल घालतात तो नव्हे हो, बाई!" वर्ग खूप हसला होता. सरही हसले होते. ती खाली मान घालून बसली होती.

आता ती वहीकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "सर, कपाट खोल किती आहे?"

"दोन फूट."

"म्हणजे चोवीस इंच. आणि उंच चौऱ्याण्णव." तिची पेन्सिल चालत होती. "दोघांचे वर्ग... बेरीज... सर, सत्त्याण्णवच्या जरा वर येतो. आणि छत शहाण्णववर आहे."

"काय येतो सत्त्याण्णव?"

ती घुटमळली. "तो... तिरका, सर. खालच्या कोपऱ्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत."

तिने तो शब्द उच्चारला नाही. बाकीच्यांनीही उच्चारला नाही. सगळ्यांना कालचा तास आठवत होता, आणि सगळ्याजणी मुकाट्याने चपलांकडे बघत होत्या. त्यांनी फिदीफिदी हसून घेतलं असतं तर सरांना ते परवडलं असतं. हे परवडेना.

"कर्ण," सर म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, "कर्ण विसरलो मी. तू बरोबर आहेस. हे उभं राहणारच नाही."

"मग वर ढकलू नका, सर. खालीच घ्यायला हवं. आम्ही पुढच्या दाराने येतो."

मुली धावत वळसा घालून आत गेल्या. बायको मधे, दोन्ही बाजूंना मुली, आणि शेवटच्या बाकावरची सांगत होती, "काकू, मी म्हणेन तेव्हाच. सर, तुम्ही पाय पुढे रेटा. आता!" कपाट कुरकुरलं, छतातून सुटलं आणि आठ-दहा हातांवर हळूहळू आडवं झालं. त्याच्याबरोबर परातीएवढा गिलावाही सुटला. तो सरांच्या डोक्यावर पडला.

धूळ बसल्यावर भुरे झालेले सर कपाटावर चढून, पलीकडे उतरून बाहेर आले. सरांनी भुवया झटकल्या आणि शेवटच्या बाकावरचीकडे बघून म्हणाले, "कालचा भोपळा मी परत घेतो."

"नको, सर," ती म्हणाली. "उत्तर चुकलंच होतं."

"मी बोललो, ते चुकलं होतं. वर्गात सगळ्यांसमोर बोललो, तर हेही सगळ्यांसमोरच सांगतो. आणि भोपळा ठेवायचाच असेल, तर आज मलाही एक दे."

चष्मेवालीने वर बघितलं. छतात, कपाटाचा कोपरा घुसला होता तिथे, चांगलं गोल भगदाड पडलं होतं.

"तो दिलाय, सर," ती म्हणाली.

यावर मात्र सगळ्याच हसल्या, शेवटच्या बाकावरचीसुद्धा. मग सरांनी बनियनवर शर्ट चढवला, मुली आडव्या कपाटावर ओळीने बसल्या आणि दिवे लागेपर्यंत फक्त कर्णाची गणितं झाली.

मुली गेल्यावर बायको केर काढत होती. सरांनी तिच्या हातातली सुपली घेतली.

"तू म्हणाली होतीस," ते म्हणाले.

"मी कुठे काय म्हणाले? मला आपलं वाटलं होतं."

सर गिलावा भरत राहिले. सुपली भरल्यावर म्हणाले, "उद्या दुकानात जाऊन बुटकं कपाट बघू. मोजायला तू चल."

"चालेल," ती म्हणाली. एवढ्याने सरांना जरा बरं वाटलं. दिवस वाईट गेला होता, पण निदान ते नाव तरी हसण्यावारी गेलं, ती विसरून जाईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. (काही गृहीत न धरणाऱ्या माणसाने हे गृहीत धरलं.)

तेवढ्यात फोन वाजला. तिच्या आईचा होता. कपाट आलं का, जावईबापू बरे आहेत का, दोघांचं ठीक चाललंय ना, असं सगळं पलीकडून विचारणं चाललं असावं. बायकोने सुपली धरून बसलेल्या सरांकडे एकदा नीट पाहिलं.

"हो गं आई," ती म्हणाली. "आम्ही अगदी गुण्यागोविंदाने राहतोय. गुण्या आजच सापडला. आता गोविंद तेवढा शोधायचाय."