इंगळेकाका कळवत नाहीत

आमच्या इंदूरच्या छत्रीबागेतले इंगळेकाका एकदा नुसतं 'नाही' म्हणायला रतलामला जाऊन आले. सकाळच्या बसने गेले, एका भंगारवाल्याला 'तुमचं इंजिनाचं हेड मला नको' असं सांगितलं, त्याच्याकडे चहा प्यायले आणि संध्याकाळी घरी परत. नकार द्यायला रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून सोबत अर्धा किलो सेव नेली होती. रतलामची सेव देशभर जाते; रतलामला सेव घेऊन जाणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

"अहो काका, फोन करायचा की!"

"नकार फोनवर देतात का मॅडमजी? त्या बिचाऱ्याने आठ दिवस हेड बाजूला काढून ठेवलेलं. दुसऱ्या ग्राहकाला दाखवलं पण नाही. तोंडावर सांगायला पाहिजे ना यार."

मॅडमजी म्हणजे मी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि काकांच्या समोर राहते. काका महूच्या लष्करी वर्कशॉपमध्ये आयुष्यभर इंजिनं उघडून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. घरात ते एकटे, आणि अंगणात एक लाल गाडी. दर रविवारी ती गाडी शॅम्पूने धुतात, टायरात हवा भरतात, आरसे पुसतात. तिच्यात इंजिन नाही, एवढंच.

इंजिन पोलोग्राउंडला रफीकभाईंच्या गॅरेजमध्ये तीन वर्षं उघडं पडलं होतं. काकांना त्याला टर्बो लावायचा होता. टर्बो म्हणजे काकांच्या भाषेत 'हवेला धक्का मारून आत कोंबणारा पंखा'. टर्बो आला, पिस्टन आले, घोडं अडलं सिलिंडर हेडपाशी. हेड म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचा जाड ठोकळा. हवा त्यातूनच आत जाते आणि धूर त्यातूनच बाहेर येतो. काकांच्या इंजिनाला तीन-चार तऱ्हेची हेडं बसतात, आणि त्यातलं कुठलं घ्यावं हे त्यांचं तीन वर्षं ठरत नव्हतं. तेवढ्या वेळात आमच्या गल्लीत एका मुलीचं लग्न होऊन बारशाचे पेढेसुद्धा वाटून झाले.

मी एकदा अडाणीपणाने म्हटलं, "मोठ्या भोकांचं घ्या की. जास्त हवा, जास्त ताकद." मग अर्धा तास उठता आलं नाही.

"सब लोग यही बोलते हैं! अहो, हवा तर टर्बो ढकलणारच आहे जबरदस्ती. हेडने फक्त झेलायचं. मला काय रेस लावायची आहे? राजवाड्याच्या ट्रॅफिकमधून भाजी आणायची आहे. हेडमधला रस्ता लहान असला की हवा पळत जाते, गाडी खालपासून दम पकडते. आणि ठोकळा जाड पाहिजे. दाब आला आणि हेडखालचं गॅस्केट उडालं तर सगळं मुसळ केरात."

ही महत्त्वाकांक्षा बाळगणारा माणूस आपली स्कूटर तीसच्या वर नेत नाही.

हेड बघायला जाताना त्यांच्या पिशवीत ठरलेलं सामान असे. एक पारदर्शक प्लास्टिकची चकती, व्हॅसलीन, हलवायाकडून आणलेला जिलबीचा रंग आणि एक ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडणारी काचेची नळी. ब्युरेट माझीच, काठाचा टवका उडाल्यामुळे कॉलेजने टाकून दिलेली. हेडमधल्या चारही खोलग्यांवर चकती चिकटवून ते थेंब थेंब केशरी पाणी सोडत आणि कुठल्या खोलग्यात किती मावतं ते लिहून घेत. चारही सारखे हवेत. या मोजण्याचं त्यांना इतकं वेड की एकदा माझे चहाचे कपही मोजले. "मॅडमजी, हा एक सहा सीसी कमी आहे. पाहुण्यांना नका देऊ, बरं दिसत नाही." तो कप मी आता स्वतः वापरते.

आणि पसंत पडलं नाही, तर जागच्या जागी सांगायचं, कारण देऊन. घरी आल्यावर मत बदललं तर परत जाऊन सांगायचं. 'कळवतो' हा शब्द काकांच्या तोंडी नाही. भाजीवाल्यालाही ते सांगतात, "तुझी भेंडी जून आहे भिया, म्हणून घेत नाही." आमच्या गल्लीत भाजीवाले हल्ली कमी येतात.

या उन्हाळ्यात बेटम्याचं हेड निघालं. पाटीदार नावाच्या ट्रॅक्टर मिस्त्रीने फोटो पाठवले. लहान रस्ते, जाड ठोकळा, काकांना हवं होतं अगदी तेच. बेटमा तासाभराच्या अंतरावर. पण रतलामला नकार द्यायला जाणारे काका बेटम्याचं नाव काढलं की टाळू लागले. आज पाय दुखतोय, उद्या पाहुणे येणार आहेत. त्यांच्याकडे पाहुणे कधीच येत नाहीत, हे मला समोरून दिसतं.

शेवटी रफीकभाईंनी मला गाठलं. "मैडम, अंकलजी को बोलो, दिवाली तक हेड नहीं आया तो इंजन उठा लें. मैं दुकान समेट रहा हूँ." त्यात पाटीदारकडे सोमवारी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. हे हेड गेलं की काकांची गाडी जन्मभर अंगणातच राहणार, हे मलाही कळत होतं. रविवारी मी काकांना जवळजवळ कोंबूनच माझ्या गाडीत बसवलं.

बेटम्यात पाटीदारने हेड गोणपाटावर मांडलं होतं. काकांनी पट्टी लावून पाहिली, विजेरी मारली, केशरी पाणी सोडलं. चारही खोलगे थेंबाला थेंब सारखे. काकांचा चेहरा फुलला.

"तो पक्का ना, अंकलजी?"

काकांनी हात पुसले. समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. "खबर करता हूँ, भिया."

मी उडालेच. हिंदीत असलं तरी ते 'कळवतो'च होतं. बाहेर येताच मी त्यांना फैलावर घेतलं.

काका गाडीला टेकून उभे राहिले. "ते निळ्या दाराचं घर दिसतं ना मॅडमजी? सत्तावीस वर्षांचा होतो, तिथे मुलगी बघायला आलो होतो. मास्तरांची सुमन. ती पण शाळेत शिकवायची. निघताना माझा मोठा भाऊ म्हणाला, पत्राने कळवतो. घरी आल्यावर त्याचं ठरलं, नको, मुलगी नोकरी सोडायला तयार नाही. मला म्हणाला, तू टाक पत्र."

"मग?"

"'नाही' लिहायचं नव्हतं. 'हो' लिहायची हिंमत नव्हती. उद्या लिहू, परसों लिहू करत राहूनच गेलं. तिला नवरा मास्तरच मिळाला, लग्नानंतरही याच घरात राहिली. खबर असते मला." मग म्हणाले, "हेडला हो म्हटलं की बेटम्याचं काम संपलं ना. परत कशाला येणार?"

मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं. मी म्हटलं, "तोंडावर सांगायचं असतं, हे मला कोणी शिकवलं? जा."

"रिकाम्या हाताने?"

पिशवीत सेवेचा पुडा होता. पाटीदारला नकार द्यावा लागला तर असावा म्हणून आणलेला. तो मी त्यांच्या हातात दिला आणि सोबत गेले.

ओट्यावर चष्मा लावलेल्या एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. काका फाटकाशीच थांबले. "जय भीम. मी इंगळे. महूचा."

आजींनी निरखून पाहिलं. "पत्र टाकणार होते ते?"

काकांनी मान खाली घातली.

"आमचे बाबा दोन महिने पोस्टमनला रोज चहा पाजत होते," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. "त्याची चंगळ झाली. मग? काय ठरलं तुमचं?"

काकांनी सेवेचा पुडा पुढे केला. "भावाचं 'नाही' होतं. माझं 'हो' होतं. सांगायला पाहिजे होतं. माफ करा."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. आतून कोणीतरी "आजी, कोण आलंय?" असं विचारलं. "ओळखीचे आहेत," त्या म्हणाल्या. "चहा टाक." मग काकांना म्हणाल्या, "बसा ना. उभे का?"

चहा झाला. शाळेच्या, गुडघ्यांच्या, गेलेल्या माणसांच्या गोष्टी झाल्या. तिथून निघून काका तडक पाटीदारकडे गेले. "हेड घेतलं. अभी के अभी."

डिकी रिकामी असताना हेड गोणपाटासकट मांडीवर घेऊन ते माझ्या शेजारी बसले. इंदूर जवळ आल्यावर म्हणाले, "दिवाळीनंतर गाडी घेऊन दाखवायला येतो, असं सांगून आलोय सुमनजींना."

"आणि गाडी नाही झाली तयार, तर?"

"तर तसं सांगायला जाईन ना," काका म्हणाले. "बसने."