अवधूतच्या बाहीतला साप

ग्लासगोच्या ऑफिसात अवधूतला सापांतलं कळतं, असा सर्वांचा समज होता. तो त्यानेच करून दिला होता. त्याचं बालपण पुण्यात, कात्रजच्या सर्पोद्यानापासून दोन बसस्टॉपवर गेलं होतं, एवढाच त्याला आधार. म्हणून सहकारी अंशुमनने पहिला साप पाळायचं ठरवलं, तेव्हा शनिवारी दुकानात जाताना त्याने अवधूतला सोबत घेतलं.

"फर्स्ट-टाइमरने कॉर्न स्नेकच घ्यावा," अवधूत दारातूनच म्हणाला. हे त्याने येताना ट्रेनमध्ये वाचलं होतं. "बिनविषारी, शांत. डोळे बघायचे, कातडी बघायची आणि मुख्य म्हणजे हातात घेऊन बघायचा."

दुकानाच्या मालकीणबाई खूश झाल्या. "बरोबर! मग घ्या की," म्हणत त्यांनी पेन्सिलीएवढा जाड, नारिंगी साप त्याच्या तळहातावर ठेवला.

सापाने क्षणभर विचार केला आणि तो सरळ जॅकेटच्या बाहीत शिरला.

"अरे, आत गेला!" अंशुमन दोन पावलं मागे सरकला.

"जाऊ दे. त्यांना ऊब लागते," अवधूत म्हणाला. आवाज ठाम होता, फक्त मान वळत नव्हती. साप कोपर ओलांडून काखेत पोचला आणि तिथेच वेटोळं घालून बसला.

"ओढू नका हं," मालकीणबाई म्हणाल्या. "दुखावेल. येईल आपणहून."

तो येईना. हात आडवा धरून उभ्या असलेल्या अवधूतभोवती गिऱ्हाइकं जमली. गप्प राहिलं तर भीती दिसेल, म्हणून तो बोलत सुटला. खाणं, कात टाकणं, पेटीतलं तापमान. समोरच्या पाट्या वाचून तासभर. ते ऐकून दोघांनी साप विकतसुद्धा घेतले.

"काय डेरिंग आहे रे तुझं!" अंशुमन म्हणाला. "पण हे मला नाही झेपणार. मी आपला कासव घेतो."

शेवटी जॅकेट, स्वेटर, शर्ट असं एकेक उतरवून मालकीणबाईंनी सापाला अलगद सोडवलं. काख एकदम गार पडली. अवधूतला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

"हा मला द्या," तो म्हणाला.

बायकोला काय सांगायचं, हे त्याने घरी येईपर्यंत तीनदा घोकलं. आश्लेषाने दार उघडलं आणि त्याच्या हातातल्या डब्यात डोकावून पाहिलं.

"हे बघ, आधी माझं ऐकून घे..."

"जिवंत आहे ना?"

"हो."

"मग दारात काय उभा राहिलास? गारठेल ना तो!"

आणि ज्या हीटिंगसाठी अवधूत ऑक्टोबरपासून विनवण्या करत होता, ते तिने कुणी न सांगता लावलं.