सुमनअक्कांची एकुलती विद्यार्थिनी

सुमनअक्कांशी बोलताना आपण नकळत व्याकरण सांभाळू लागतो. कारण आपलं बोलणं त्या तिथल्या तिथे स्वतःच्या मांडीवर टाइप करत असतात. दहाही बोटांनी! आपण जरा बढाई मारली की उजवी करंगळी लांब जाऊन टकटक करते. ते खोडणं. गेल्या दिवाळीत मी त्यांना माझे ऑफिसातले पराक्रम सांगितले, तेव्हा ती करंगळी जागेवर परतलीच नाही.

अक्का मूळच्या पिंपळनेरच्या, बोलणं अहिराणी. दीपनगरला एका ऑफिसात टायपिस्ट होत्या. निवृत्तीनंतर देवपूरला आमच्या गल्लीत राहायला आल्या, एकट्याच. जगात माणसांच्या दोनच जाती आहेत, असं त्यांचं मत : दहा बोटांनी टाइप करणारे आणि कोंबडीसारखे दाणे टिपणारे. मी दुसऱ्या जातीचा. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत, चहा देण्याआधी सांगितलं.

माझी मुलगी गार्गी सहावीत आहे. तोंडी विचारा, धडा नाटकासारखा रंगवून सांगेल. पण हातात पेन आलं की एका शब्दाची मात्रा दुसऱ्याच शब्दावर जाऊन बसायची आणि चौथ्या ओळीला मनगट दुखायचं. मी सुशिक्षित बाप असल्यामुळे शास्त्रशुद्ध उपाय केला. दुरेघी वह्या आणल्या. नऊ. अक्षर होतं तसंच राहिलं; माझा आवाज मात्र चांगला मोकळा झाला, पार पांझरेच्या पुलापर्यंत जाईल इतका. शाळेतल्या बाईही दर पानावर लाल पेनाने 'अक्षर सुधारा' असं लिहीत. ते अक्षर लावायला आम्हाला घरात तीन माणसं लागायची.

मग एका चाचणीत गार्गीने पेपर कोराच दिला. नावसुद्धा लिहिलं नाही.

तेव्हा कुठे आम्ही तिला तज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हा आळस नाही, तिला लिहिण्याचीच अडचण आहे. टाइप करू द्या. शाळेनेही मोठ्या मनाने परवानगी दिली. फक्त तिला टायपिंग यायला हवं, एवढीच अट.

मी गार्गीला घेऊन अक्कांकडे गेलो. पुरावा म्हणून नऊच्या नऊ वह्या नेल्या होत्या. अक्कांनी त्या चाळल्या आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवल्या. मला वाटलं चुकून. मग त्या गार्गीला म्हणाल्या, "तुनं डोकं पुढे पयस, हात मांगे ऱ्हास. बस, इतलंच शे." डोकं पुढे पळतं, हात मागे राहतो : मुलीला इतकं साधं कुणी सांगितलंच नव्हतं. तिचा बाप वह्या आणण्यात गुंतला होता ना.

दुसऱ्या दिवसापासून पाच वाजता क्लास. अक्कांनी बटणांवरची अक्षरं जखमेच्या पट्ट्या चिकटवून झाकली. कीबोर्ड बघून मला त्याचा अपघात झाल्यासारखं वाटलं. हातांवर टॉवेल. आणि अखंड गर्जना : "नजर वर!" ही गर्जना त्या भाजीवाल्यावरही करतात, पण ते सोडा. डाव्या हाताला काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला बरीचशी व्यंजनं. इथे मात्रेला पळून जायला जागाच नव्हती.

आठवड्याभरात गार्गी रडली. टॉवेल फेकला. "मला हेपण नाही येणार," म्हणाली.

मला वाटलं, अक्का आता तिला रागावणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, तू बस."

माझ्या हातांवर टॉवेल टाकून मला स्वतःचं नाव टाइप करायला लावलं. पडद्यावर जे उमटलं ते गार्गीने मोठ्याने वाचून दाखवलं. ते कुठल्याच भाषेत बसत नव्हतं. पोरगी हसून हसून खाली बसली, मग तिनेच मला खुर्चीवरून उठवलं आणि टॉवेल मागितला. बाप म्हणून मी तिच्या शिक्षणात केलेली सर्वात भरीव मदत हीच.

वार्षिक परीक्षेत तिने निबंध टाइप केला. साडेतीन पानं. नावासकट.

आता क्लास संपायला हरकत नव्हती. पण अक्का म्हणाल्या, "अनुस्वार कच्चा शे." महिना गेला. अनुस्वार कच्चाच. अक्कांच्या पडद्यावर 'चिंच'ची 'चिच' आणि 'आंबा'चा 'आबा' होत राहिला. मी मनात म्हटलं, म्हातारीला हुकूम सोडायला कुणीतरी हवंय, दुसरं काय!

एका रविवारी गार्गी घरी गोष्ट टाइप करत होती. मी मागून वाचली. एकही अनुस्वार चुकलेला नव्हता.

"गार्गी, हे काय?"

तिने दार लोटून घेतलं. "पप्पा, तिथे मी मुद्दाम चुकते. अनुस्वार आला तर क्लास संपेल. मग पाच वाजता अक्कांकडे कोण जाणार? त्यांच्याकडे कोणीच येत नाही."

संध्याकाळी तिला आणायला मीच गेलो. ती ओट्यावर चप्पल घालत होती. मी आत जाऊन हळूच म्हटलं, "अक्का, तो अनुस्वार…"

अक्का कीबोर्डवर कापड घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माले माहीत शे, पोर मुद्दाम चुकस." मग बाहेर एकदा बघून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"पण माले समजस, हाई तिले सांगू नको, भाऊ."