कोठीवाल्यासच कोठी बंद जाहली, त्याची हकीकत

श्रीकुलूपेश्वर समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, नाव न घेण्याजोग्या एका राज्यात जे वर्तमान घडले ते यथामति लिहिले असे. वाचकांनी हसावे, परंतु आपला पासवर्ड आठवोन हसावे.

त्या राज्यात फाइलींची एक थोर कोठी होती, तीस सर्व्हर म्हणत, आणि परगण्यापरगण्यांतून फाइली तेथे रवाना होत, आणि गिरमाजीपंत बोकील कोठीचे मुख्य होते, आणि आत जावयास सर्वांस मिळोन एकच पासवर्ड होता, तो सरकारस्वारीच्या हत्तीचे नाव व पुढे एक-दोन-तीन, आणि तो चहावाल्याच्या मेहुण्यासही पाठ होता. मग व्हायचे तेच जाहले. चोर शिरले आणि दरबाराची आमंत्रणे पुसोन त्या जागी खोकल्याच्या औषधाच्या जाहिराती ठेवोन गेले, आणि त्याच जाहिराती सरदारांस पोचल्या. सरकार क्रोधायमान होवोन बोलिले की, पौर्णिमेस आम्ही जातीने येऊ, कोठी पक्की न दिसली तर पंतांनी पागोटे ठेवोन घरी जावे.

मग पंतांनी एसएसएच किल्लीचा कायदा काढिला, तो ऐसा की, प्रत्येकाने घरी कुलूप-किल्लीचा जोड घडवावा, कुलूप कोठीत धाडावे, ते जगाने पाहिले तरी चिंता नाही, आणि किल्ली आपणापाशी राखावी, सख्ख्या भावासही देऊ नये. परंतु राज्याची रीत ऐसी की वरिष्ठांस अर्धी वस्तु पाठविणे हा अपमान, म्हणोन झाडून सर्व मामलेदारांनी किल्लीही कुलपासंगे धाडिली. पंतांनी कपाळ बडविले आणि सर्व जोड नवे करविले. त्यात पौर्णिमा उजाडली. कोठीच्या नायब भिवराबाई साळवेकर यांनी सुचविले की, आपली किल्ली एकदा लावोन पाहावी, मग पासवर्डाने आत जावयाचे लहान दार, म्हणजे दिंडी, बुजवावी. पंत म्हणाले, "कायदा आम्ही काढिला, आणि आम्हांसच आत घेणार नाही होय?" आणि दिंडी बुजवोन ऐटीने बाहेर पडले.

आता पंत मुजऱ्याचे भुकेले, म्हणोन कोठीतील आपली खोली त्यांनी सताड उघडी ठेविली होती, कोणीही यावे, काहीही ठेवावे, आणि त्यांचे कुलूप त्याच खोलीत. कोठीचा पहारेकरी मोठा कर्मठ. जेथे दहा जणांचा हात फिरतो तेथील कुलूप तो मानीतच नाही. मामलेदार भराभर आत जाती, आणि पंत किल्ली लाविती तो उत्तर येई, परवानगी नाही. इतक्यात सरकारस्वारी आली आणि पहारा दाखवा म्हणाली. पंतांनी किल्ली लाविली. परवानगी नाही. पंतांनी मनात पागोटे उतरविलेच होते, तो सरकार मांडी थोपटोन बोलिले, "खुद्द कोठीवाल्यासही सोडीत नाही, पहारा असावा तर ऐसा." आणि पंतांस भरजरी शेला दिधला. पंत हसले, परंतु आतून मेल्याहून मेले.

स्वारी फिरताच पंत शेल्यासह भिवराबाईंपाशी धावले. बाई सकाळी आत शिरल्या त्या बाहेर पडल्याच नव्हत्या, कारण पंतांचा भरवसा त्यांस कधीच नव्हता. पंत काकुळतीस येवोन म्हणाले, "बाई, अब्रू तुमच्या हाती आहे."

बाई म्हणाल्या, "तुमच्या खोलीचं दार मी लावत्ये. पुन्हा उघडं दिसलं, तर शेला कशाचा मिळाला ते सरकारांना सांगेन." मग त्यांनी आतोन दार लाविले, आणि पंतांची किल्ली फिरली. शेला हल्ली बाईंच्या खुर्चीच्या पाठीस असतो, आणि पंत कोठीत शिरताना त्यास मुजरा करितात.

एवंच, चोर बाहेर राहिले, पंतांचे पागोटे डोईवर राहिले, आणि राज्य कोण चालविते हे सरकारांखेरीज सर्वांस कळले. इति.