फाशीचं सूप

अल्फ ट्वेडलनं सकाळी वाफ्यावरचं गोणपाट बाजूला केलं आणि अशी बोंब ठोकली की शेजारपाजारच्यांच्या कपातला चहा हिंदकळला.

"खून! मॉरीन, खून झाला!"

त्याची बायको मॉरीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावली. "कुणाचा?"

"मोठ्याचा! आणि त्याच्या शेजारच्याचा!"

"असं होय," म्हणून ती पुन्हा अंडी तळायला लागली.

मोठा म्हणजे अल्फचं सगळ्यात मोठं लीक. लीक हा कांद्याचा लांबट, जाडजूड भाऊबंद. बाकीचं जग तो खातं. आमच्या उत्तर इंग्लंडातल्या डरहॅमकडच्या कोळसा-खाणवाल्यांच्या गावांत तो वाढवतात, अंघोळ घालतात, निजताना पांघरूण घालतात आणि त्याच्यापायी सख्ख्या भावांशी अबोला धरतात. सप्टेंबरात 'काळा बैल' गुत्त्यात प्रदर्शन भरतं आणि सर्वांत भरदार जोडीला पितळी चषक मिळतो. त्या चषकावर अल्फच्या बापाचं नाव होतं, आजाचं होतं. अल्फचं नव्हतं. गेली काही वर्षं तिथं शेजारच्या गॉर्डन पिअर्थचंच नाव कोरलं जात होतं. त्या रांगेकडे पाहत बिअर पिताना अल्फला बिअर आंबट लागायची.

आणि आता मोठा आणि त्याच्या शेजारचा, दोघेही बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उभे चिरलेले. वाफ्याच्या कडेला मातीत एक वाकड्या पात्याचा चाकू. मुठीवर 'गॉ. पि.' अशी अक्षरं.

अल्फच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथंच राहिली.

त्या आठवड्यात नेमका लंडनला पार्लमेंटात फाशी परत आणायची की नाही यावर खल चालला होता. 'काळा बैल'मध्ये मात्र तो प्रश्न कधीच सुटला होता. सगळ्यांना फाशी हवी होती. खुन्यांसाठी हवी होती, दरोडेखोरांसाठी हवी होती आणि बसचा संप करणाऱ्यांना द्यावी की नुसते फटके, एवढंच ठरायचं होतं. विरोधात एकटा गॉर्डन.

"माणसं चुकतात, गड्यांनो," तो दरवेळी शांतपणे म्हणायचा. "आणि मेलेल्याची माफी मागता येत नाही."

तो हे ओरडून म्हणाला असता तर चाललं असतं. शांतपणे म्हणायचा, त्यानं लोक जास्त पेटायचे.

अल्फ चाकू घेऊन गुत्त्यात शिरला आणि तो त्यानं बिअरच्या डागांच्या टेबलावर आपटला. लीक मंडळाचे अध्यक्ष बिली हॉल तिथंच होते, कोपऱ्यात गॉर्डनही होता. बिली पेशानं खाटीक. त्यामुळे चाकूबद्दल त्यांचं मत अखेरचं मानलं जाई.

"धार चांगली आहे," बिली म्हणाले.

"धारेचं काय घेऊन बसलात? नाव वाचा नाव! म्हणूनच याला फाशी नको होती! आता कळलं? स्वतःच्या मानेची काळजी!"

"चाकू माझा आहे," गॉर्डन म्हणाला. "पण मी केलं नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे असंच म्हणतात, म्हणून खरं कुणाचंच नसतं का?"

"बघा, बघा! कसा मुरलेला आहे!" अल्फ लोकांकडे वळला. "अध्यक्ष, जुना नियम परत आणा. माझ्या आजाच्या वेळी होता तो."

जुना नियम सगळ्यांना ऐकून माहीत होता. दुसऱ्याच्या लीकला इजा करणाऱ्याचा अख्खा वाफा उपटायचा आणि त्याचं सूप करून गावजेवण घालायचं. पहिला वाडगा फिर्यादीला, दुसरा आरोपीला. त्याला गावात 'फाशी' म्हणत. महायुद्धानंतर कुणा मवाळ अध्यक्षानं तो मोडीत काढला आणि तेव्हापासूनच देशाचं वाटोळं झालं असं अल्फचं मत होतं.

"जरा थांबू या का?" गुत्तेवाली डोरीन ग्लास पुसत म्हणाली. "प्रदर्शन होऊ दे, मग चौकशी..."

"थांबून थांबूनच देश बुडाला!" अल्फनं टेबलावर मूठ आपटली. "मेलेल्या लीकचा कुणी विचार करतं का? सगळा कळवळा तो खुन्याचा!"

हात वर झाले. गॉर्डनचा सोडून सगळे. बिलींनी फावडं मागवलं.

जास्त खाऊ घातलं की लीक आपोआप तडकतं, हे त्या हातांतल्या प्रत्येक हाताला ठाऊक होतं. पोरवयापासून ठाऊक होतं. पण हात रागानं वर गेला की त्याला आठवण राहत नाही.

गॉर्डनचा वाफा उपटला तेव्हा तो कुंपणाला टेकून उभा होता. एकेक लीक पोरीच्या मनगटासारखं गोरं, आणि जाडीला बिलींच्या दंडाएवढं. एकालाही डाग नव्हता. शेवटची जोडी निघाली तेव्हा त्यानं टोपी काढली.

रविवारी दुपारी, मयताच्या सन्मानार्थ, डोरीननं सुपाचं पातेलं थेट अल्फच्याच परसात आणलं. सगळं मंडळ जमलं. अल्फची एक जोडी वाचली होती आणि गॉर्डन बाद झाल्यावर चषक तिचाच, हे उघड होतं. पहिला वाडगा अल्फला मिळाला. दुसरा घेऊन गॉर्डन वाफ्याजवळच्या बाकाच्या टोकाला बसला. मग बाकीच्यांनी आपापले वाडगे भरून घेतले.

"पार्लमेंटानं फाशीचा ठराव पाडला म्हणे," बिली म्हणाले.

"भेकड लेकाचे!" अल्फ गरजला. "अरे, शिकावं म्हणावं आमच्या गावाकडून! आम्ही कसा न्याय केला! चट गुन्हा, पट शिक्षा! या, बघा तरी माझी जोडी, सूप निवायच्या आत."

तो सगळ्यांना वाडग्यांसकट घेऊन वाफ्यापाशी गेला. वाटेत त्यानं सवयीनं पिंपातलं तांब्याभर खत लीकच्या बुडाशी ओतलं. मेंढीच्या लेंड्या, रक्ताची भुकटी, काकवी आणि गडद बिअर. गुप्त मिश्रण; त्याचा वास तेवढा गुप्त राहत नसे.

"किती वेळा घालतोस रे हे?" बिलींनी नाकाला रुमाल लावून विचारलं.

"सकाळ, दुपार, संध्याकाळ. यंदा कुठं कमी पडायचंच नाही म्हटलं. गोणपाट टाकतो म्हणजे ऊबही..."

टच्च!

अख्ख्या मंडळाच्या देखत, भर उन्हात, आसपास चाकू नसताना, डावं लीक बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उभं तडकलं. अगदी मोठ्यासारखं.

सगळे आपापल्या वाडग्यात बघू लागले. वाडग्यात गॉर्डनची लीक होती, म्हणून मग आभाळाकडे बघू लागले.

"पण... पण चाकू?" अल्फ म्हणाला. "चाकू होता ना!"

खिडकीतून मॉरीन म्हणाली, "अरे, वसंतात तूच नाही का उचलून आणलास गॉर्डनच्या कुंपणावरून, त्याला न विचारता, दोऱ्या कापायला? मग दहादा विचारत होतास, चाकू कुठं पडला म्हणून."

"हे आत्ता सांगतेस?"

"मला विचारलं होतं का कुणी? बायकांना कुठं घेता तुम्ही मंडळात?"

बिलींनी घसा साफ केला. खाटीक असले तरी नियमाचा माणूस. "अल्फ, दुसऱ्याच्या लीकला इजा करणाऱ्याचा वाफा... म्हणजे, गॉर्डनच्या लीकला इजा तुझ्या सांगण्यावरून..."

"अहो, चूक झाली!" अल्फ वाफ्यापुढे हात पसरून उभा राहिला. "रागाच्या भरात माणसाकडून चूक होत नाही का? आणि चुकलेल्याला सुधारायची संधी नको? एक अजून शाबूत आहे! त्या बिचाऱ्यानं काय केलंय? माझी उपटून याची परत येणार आहेत का? हा न्याय नाही, सूड आहे सूड! माणुसकी म्हणून काही..."

एवढं सुंदर भाषण फाशीविरुद्ध त्या गावात कधी झालं नव्हतं. काही जणांनी तर मानाही डोलावल्या. अल्फचा वाफा उपटायच्या बाजूनं हात वर करायला सांगितले तेव्हा निम्मे वर गेले, निम्मे खिशात राहिले.

"गॉर्डन," बिली म्हणाले, "तुझं मत तेवढं राहिलं."

अल्फचा चेहरा उजळला. साऱ्या गावात फाशीच्या विरोधात इतकी वर्षं एकटा उभा राहिलेला माणूस समोर बसला होता.

"सांग, गड्या," तो म्हणाला. "सांग यांना. माणसं चुकतात."

गॉर्डननं शेवटचा चमचा संपवला, तोंड पुसलं आणि वाडगा बाकावर ठेवला.

"तत्त्व म्हणून विचाराल तर मी आजही फाशीच्या विरोधातच आहे," तो नेहमीच्या शांतपणे म्हणाला. मग त्यानं कुंपणापलीकडच्या आपल्या उपटलेल्या वाफ्याकडे, अल्फच्या शाबूत लीककडे आणि मग पातेल्याकडे पाहिलं. "पण डोरीन, सूप फारच पातळ झालंय."